घड्याळाच्या चेनवरचे चरे

घड्याळ बंद पडले की गावातला माणूस ते बाजाराच्या दिवशी तालुक्याला घड्याळजीकडे नेतो. काच तडकली, चावी निघाली, काटा सैल झाला, तरीही नेतो. स्टीलची चेन चऱ्यांनी भरून पांढुरकी आणि निस्तेज दिसू लागली तर मात्र त्यावर काही उपाय असतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चेन जुनी झाली, एवढेच म्हटले जाते. घरात लग्न निघाले की आठवडी बाजारातून नवी चेन आणून बसवतात आणि जुनी, जी पुष्कळदा त्या स्वस्त नव्या चेनपेक्षा चांगल्या पोलादाची आणि भरीव कड्यांची असते, खिळ्यांच्या आणि नटबोल्टांच्या डब्यात जाऊन पडते. मला याची मनापासून हळहळ वाटते. चेनवरचे बहुतेक ओरखडे वरवरचे असतात, ते घरी काढता येतात, आणि त्यासाठी लागणारे साहित्य किराणा दुकानात, रंगाच्या दुकानात आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. एकच गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते. ओरखडा पुसला जात नसतो. त्याच्या आजूबाजूचा धातू घासून कमी केला जातो, तेव्हा तो दिसेनासा होतो. हे ध्यानात ठेवले की हात आपोआप जपून चालतो.

माझे काकाजी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मनगटावर आजही एचएमटीचे चावीचे घड्याळ असते, लग्नात सासरहून मिळालेले. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली, आणि पुढची दोन-तीन दशके आमच्याकडच्या लग्नांत जावयाला घड्याळ द्यायचे म्हणजे एचएमटीचेच, असे जणू ठरून गेले होते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळे मात्र गावोगाव अजून चालू आहेत. काकाजींच्या घड्याळाची चेन मूळची नव्हे, नोकरीत असताना त्यांनी नागपूरहून आणलेली आहे. भरीव कड्यांची, तीन ओळींची. बाजूच्या दोन ओळी बारीक रेघांच्या, मधली आरशासारखी. तिच्यावरचे चरे काढण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले, आणि त्या निमित्ताने मी या विषयात शिरलो.

शहरांतले घड्याळांचे हौशी संग्राहक पुष्कळदा असे सांगतात की ओरखडे काढू नयेत, ते वापराची खूण असतात, ते अभिमानाने मिरवावेत. त्यांच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण ज्याच्या सदऱ्यावर फवाऱ्याचे डाग आहेत, ज्याच्या नखांत काळी माती कायमची बसलेली आहे, त्या माणसाला वापराच्या आणखी खुणांची गरज नसते. तो तहसील कार्यालयात सातबाऱ्यासाठी उभा राहतो, बँकेत पीककर्जाच्या कागदावर सही करतो, मुलीच्या सोयरिकीसाठी परक्या गावी पाहुणा म्हणून बसतो, तेव्हा त्याच्या अंगावर नीटनेटकी अशी जी एक-दोनच वस्तू असते, त्यांत घड्याळ असते. टेबलावर हात ठेवला की समोरच्याची नजर प्रथम तिथेच जाते. ती चेन स्वच्छ दिसावी असे त्याला वाटणे यात काही दिखावा आहे, असे मला वाटत नाही. काकाजींनी घड्याळ माझ्या हाती देताना सांगितले होते, "लय घासू नोको बाबू, झिजून जाईन. लोकाईले दिसते तेवढंच काढ, बाकी राहू दे." या कामाचा इतका नेमका मापदंड मला दुसरीकडे कुठेही मिळाला नाही.

आमचा भाग हिंगणघाटच्या बाजूचा. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. ही काळी माती स्वतः स्टीलला फारशी इजा करत नाही. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण भरपूर असते, आणि चिकण मातीचे कण इतके मऊ असतात की ते धातू चिरू शकत नाहीत. ते कड्यांच्या सांध्यांत जाऊन बसतात आणि घामात कालवले गेले की त्यांचा काळा, चिकट थर तयार होतो. चरे पाडणारे पदार्थ निराळेच असतात. वखरणी झाली की वावरात पांढऱ्या, अर्धपारदर्शक गारगोट्या वर येतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत साठून तयार झालेल्या या सिलिकाच्या गोट्या आहेत, आणि घरकुलाच्या बांधकामावर येणाऱ्या रेतीतले क्वार्ट्झचे कणही त्याच जातीचे. मोहसच्या काठिण्य मापनपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे आणि घड्याळाचे पोलाद त्याच्या बरेच खाली येते. म्हणून रेतीचा एक कण मनगट आणि बैलबंडीचे लोखंड यांच्यामध्ये सापडला की तो चेनवर आपली रेघ ओढूनच जातो. लॉकची, म्हणजे चेन बंद करण्याच्या पाटीची, स्थिती याहून वाईट असते, कारण हात कुठेही टेकवला, मग ते शाळेचे बाक असो, बँकेचे काउंटर असो की बाजार समितीतल्या अडत्याचे टेबल असो, प्रथम टेकते ते लॉकच.

आता या धातूविषयी. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी व्हावी म्हणून पोलादाचे वेगवेगळे मिश्रण तपासत होते, आणि त्यात क्रोमियमचे प्रमाण जास्त असलेले पोलाद गंजत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर इतकीच, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. घरातली चांगल्या प्रतीची स्टीलची भांडी ज्या पोलादाची असतात, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बऱ्या घड्याळांच्या चेन बहुधा ३१६एल नावाच्या पोलादाच्या असतात. त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४ टक्के आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. या मॉलिब्डेनममुळे घामातल्या मिठाला तोंड देण्याची त्याची ताकद वाढते, आणि वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आमच्या मुलखात ती कामी येते. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की तो पातळ पापुद्रा घासला गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे लगेच पुन्हा तयार होतो. चेन घासली म्हणून ती गंजेल, ही भीती त्यामुळे अनाठायी आहे. क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चेनच्या बाबतीत मात्र ती खरी आहे, आणि त्याविषयी पुढे सांगतो.

चरा कसा पडतो हे भिंगाखाली पाहिले की पुढच्या सगळ्या कृतीचा अर्थ लागतो. नांगराच्या फाळाने तास पडताना माती नाहीशी होत नाही, ती दोन्ही बाजूंना उचलली जाते. रेतीचा कण धातूवरून जातो तेव्हा धातूचेही असेच होते. मधे खोलगट भाग पडतो आणि दोन्ही कडांना धातूची बारीक वरंबी उभी राहते. नखाला जे खरखरीत लागते ती बहुतेक वेळा ही वरंबीच असते, आणि ऊन पडल्यावर पांढरी लकाकणारी रेघही बरीचशी तिचीच असते. साहजिकच ती वरंबी बसवली की चरा भरलेला नसतानाही अर्ध्याहून अधिक दिसेनासा होतो. त्याच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणण्याची गरज क्वचितच पडते, आणि पडली तरी ते करावे की नाही याचा वेगळा विचार करावा लागतो.

त्याहीपूर्वी, जे चरे वाटतात त्यांतले किती खरोखर चरे आहेत, हे पाहून घ्यावे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असते. हात धुताना चेनवर राहिलेले थेंब वाळले की क्षारांचा पांढरा पडदा धरतो, आणि लांबून तो ओरखड्यांच्या जाळ्यासारखाच दिसतो. लिंबाच्या रसाचे काही थेंब पाण्यात घालून त्या पाण्याने पुसले आणि लगेच साध्या पाण्याने धुतले की तो जातो. दुसरा प्रकार दुसऱ्या धातूच्या किंवा रंगाच्या खुणेचा. ॲल्युमिनियमच्या डब्याला, रंगवलेल्या लोखंडी फाटकाला चेन घासली गेली तर स्टीलला इजा न होता त्या मऊ धातूची किंवा रंगाची पातळ रेघ त्याच्यावर चिकटून राहते. शाळेतल्या मुलांकडचे खोडरबर अशा रेघेवर नेटाने फिरवले तर ती पुष्कळदा पूर्ण निघते. लिंबू आणि खोडरबर यांनी जे जाते, त्यासाठी घासकाम करणे म्हणजे विनाकारण धातू घालवणे आहे.

चेन घड्याळापासून वेगळी केल्याशिवाय कामाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. जुनी चावीची घड्याळे पाण्याला तोंड देणारी नसतात, आणि घासण्याची बारीक पूड चावीच्या फटीतून आत गेली तर घड्याळजीचे काम वाढते. चेन आणि डबी, म्हणजे घड्याळाचे धातूचे कवच, यांना जोडणारी पिन स्प्रिंगची असते. तिच्या टोकाजवळची कडा बारीक अवजाराने आत दाबली की ती सुटते. दाबताना अवजार घसरून डबीच्या कानांवर नवा ओरखडा पडू नये म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावावी, आणि पिन उडाली तरी हरवू नये म्हणून हे काम परातीत पांढरे फडके अंथरून करावे. हाताला सवय नसेल तर एवढे काम घड्याळजीकडून करून घ्यावे. तो ते दोन मिनिटांत करतो आणि बहुधा त्याचे पैसेही मागत नाही.

मग धुणे. कोमट पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण घालून चेन बराच वेळ भिजू द्यावी आणि नंतर जुन्या, मऊ दातांच्या ब्रशने प्रत्येक सांधा उघडून घासावा. पाणी काळे होते, आणि जे निघते त्यात माती, घाम, त्वचेचा तेलकटपणा आणि कड्या एकमेकींवर घासून झडलेली धातूची पूड हे सगळे असते. हा गाळ केवळ घाण म्हणून काढायचा नसतो. सांध्यांतली ही पूड पिना आणि कड्यांची भोके झिजवते, त्यामुळे चेन लांबते आणि मनगटावर सैल लोंबू लागते; आणि हाच कण घासताना फडक्याखाली आला तर आपण एक चरा काढता काढता दुसरा पाडतो. म्हणून धुतल्यावर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळावे आणि सुती फडक्याने टिपून कोरडे करावे. उन्हाळ्यात हे काम अंगणात भर उन्हात करू नये, कारण साबणाचे पाणी टिपण्याआधीच वाळते आणि त्याचे डाग राहतात.

धुऊन झाल्यावर चेन सकाळच्या तिरप्या उजेडात धरून पाहावी. तिच्यावर दोन प्रकारचे पृष्ठभाग असतात, आणि दोघांचे उपचार परस्परविरोधी आहेत. एक आरशासारखा गुळगुळीत, दुसरा एकाच दिशेने ओढलेल्या असंख्य बारीक रेघांचा. रेघांच्या पृष्ठभागावर मूळचेच चरे असतात, फक्त ते सगळे एका दिशेचे असतात. म्हणून त्यावर पडलेला आडवातिडवा ओरखडा नाहीसा करायचा म्हणजे त्या जागी पुन्हा योग्य दिशेच्या रेघा ओढायच्या. असा पृष्ठभाग कोणी पॉलिशच्या फडक्याने चमकवू लागला तर रेघा बुजतात, ओरखडा तसाच राहतो आणि मधेच एक तेलकट दिसणारा डाग उमटतो. उलट आरशाच्या पृष्ठभागावर घासणीचा एक हात फिरला तरी त्याचा आरसा गेलाच म्हणून समजावे. कोणता भाग कोणत्या जातीचा, हे कागदावर रेखाटून ठेवणे मला उपयोगाचे वाटले, विशेषतः लॉकच्या बाबतीत, कारण त्याची वरची बाजू रेघांची आणि कडा आरशाच्या असे पुष्कळदा असते.

इथेच मुलाम्याचे सांगतो. सोनेरी, दोन रंगी किंवा काळ्या चेनवरचा रंग हा अगदी पातळ थर असतो. त्यावर कोणतीही घासण्याची वस्तू वापरली तर तो थर निघून जातो आणि घरी काही केले तरी परत येत नाही. क्रोमचा मुलामा दिलेले पितळ तर स्टीलसारखेच दिसते. ते ओळखण्यासाठी चेनची आतली बाजू आणि कड्यांचे कोपरे पाहावेत. कुठे पिवळसर झाक दिसली तर साबण-पाण्यावर थांबावे. त्या काळातल्या अनेक घड्याळांची डबीसुद्धा पितळेवर क्रोम चढवलेली असे, त्यामुळे चेन घासली म्हणून त्याच ओघात डबीवरही हात फिरवण्याचा मोह आवरला पाहिजे.

रेघांच्या भागासाठी मला सर्वांत भरवशाची वस्तू वाटली ती भांडी घासण्याची हिरवी घासणी. ती नायलॉनच्या धाग्यांची असते आणि त्या धाग्यांवर घासणाऱ्या खनिजाचे, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, कण बसवलेले असतात. हे कण स्टीलपेक्षा कितीतरी कठीण, पण धागा लवचिक, त्यामुळे ती खोल खात नाही. घासणी नवी हवी. स्वयंपाकघरात वापरलेलीत कशाचे कण अडकले आहेत हे सांगता येत नाही. लोखंडी तारेचा चोथा मात्र वापरू नये, कारण साध्या लोखंडाचे सूक्ष्म कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्या ठिकाणी तांबूस गंजाचे ठिपके दिसू लागतात. विळ्याला किंवा वखराच्या पाशीला घासलेला पॉलिश पेपर याच कारणासाठी चेनला लावू नये. राखेचेही तसेच. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत भांडी राखेने लख्ख निघत आली आहेत, पण राखेतल्या कचकचीचा आकार एकसारखा नसतो आणि भांडे घासणारा हात गोल फिरतो. चेनला दोन्ही चालत नाही.

मधल्या आरशाच्या कड्यांवर रंगाच्या दुकानात मिळणारी मास्किंग टेप दोन पदरी चिकटवावी, तिच्या कडा नखाने दाबून घट्ट बसवाव्यात. चेन लाकडी पाटावर सरळ ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टीने पक्की करावी. घासणीची अरुंद पट्टी कापून ती एका सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावी, म्हणजे बोटांचा दाब एका जागी पडत नाही. आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मूळ रेघांच्याच दिशेने, एकाच दाबाने, एक सबंध हात ओढावा. चेन संपल्यावरही हात तसाच पुढे न्यावा आणि मगच उचलावा. मधेच थांबले तर थांबल्याची जागा दिसते. पुढे-मागे घासले तर वळणाच्या ठिकाणी रेघा वाकतात आणि उजेडात ती वाकडी झालर लगेच डोळ्यांत भरते. हाताला सरळ रेषेची खात्री नसेल तर बाजूला लाकडी पट्टी टेकवून तिच्या आधाराने ओढावे. दाब फार थोडा लागतो. दर काही हातांनंतर चेन पुसून उजेडात पाहावी. आडव्या रेघा प्रथम तुटक होतात, मग मूळ रेघांमध्ये मिसळतात, आणि एका क्षणी त्या शोधाव्या लागतात. शोधावे लागू लागले की थांबावे. मला या कामातली सर्वांत समाधानाची जागा हीच वाटते, कारण इथे काही नवे चमकत नाही. चेन कारखान्यातून आली तेव्हाचा तिचा मंद, रेशमी उजेड तिला परत मिळतो.

नखाला स्पष्ट अडकणारा चरा असेल तर घासणी पुरत नाही. तिथे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, घ्यावा लागतो. पी-४०० या प्रतीच्या कागदावरचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी-१००० वरचे सुमारे १८ मायक्रॉनचे आणि पी-२००० वरचे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. जाड प्रतीपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पुढच्या कागदाने आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण काढायच्या, असा नियम आहे. पण एका कडीवरचा खोल चरा पूर्ण उतरवायचा तर ती कडी शेजारच्या कड्यांपेक्षा पातळ होते, तिच्या धारदार कडा गोल होतात, आणि चऱ्यापेक्षा तेच अधिक डोळ्यांत येते. पत्रा दुमडून केलेल्या जुन्या हलक्या चेनमध्ये तर तेवढा धातूच नसतो. अशा चऱ्याची वरंबी तेवढी घासणीने बसवावी आणि खोलगट भाग राहू द्यावा. काकाजींच्या लॉकच्या जवळ असा एक चरा आहे. तो मी तसाच ठेवला, आणि तो त्यांना मान्य होता.

आरशाच्या कड्यांचे काम याच्या उलट क्रमाने होते. आता रेघांच्या भागावर टेप लावायची, आणि स्टीलसाठी मिळणारे पॉलिश सुती फडक्याला किंचित लावून छोट्या हातांनी फिरवत राहायचे. फडके काळे होते. तो काळेपणा म्हणजे निघालेला धातू आणि पॉलिश यांचे मिश्रण. पॉलिशमधले शेवटच्या टप्प्याचे कण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि पृष्ठभागावरचे खाचखळगे तिच्याहून पुरेसे लहान झाले की प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. यालाच आपण आरसा म्हणतो. टूथपेस्टने हे काम होते असे पुष्कळ जण सांगतात. तिच्यातले खडूसारखे कण स्टीलपेक्षा मऊ असल्याने मळ आणि धूसरपणा जातो, चरा मात्र हलत नाही. फडक्याची घडी सतत बदलावी, आणि काम झाल्यावर चेन पुन्हा साबणाने धुऊन सांध्यांतले पॉलिश पूर्ण काढावे, नाहीतर ते सुकून पांढऱ्या रेघा धरते.

तालुक्याच्या ठिकाणी भांड्यांना बफ मशीनवर चमक आणून देणारे कारागीर असतात, आणि घड्याळाची चेन त्यांच्याकडे देण्याची सूचना मला अनेकांनी केली. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. पण ते चाक मिनिटाला हजारो फेरे घेते आणि त्याला रेघांचा भाग व आरशाचा भाग यांतला फरक कळत नाही. चेन झगझगीत होऊन येते, तिच्या सगळ्या कडा मात्र गोलसर होतात आणि दोन पृष्ठभागांमधली स्पष्ट सीमारेषा नाहीशी होते. ती परत मिळवता येत नाही. हाताने केलेले काम हळू होते, आणि हळू होते म्हणूनच वेळेवर थांबता येते.

चेनला सर्वांत जपावे लागते ते क्लोरीनपासून. गावच्या पाण्याच्या टाकीत टाकण्यात येणारी टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, हाताळणाऱ्या माणसाने त्या वेळी घड्याळ काढून ठेवावे, कारण क्लोरीन तो क्रोमियमचा पापुद्रा भेदतो आणि सांध्यांच्या फटींत, जिथे हवा पोचत नाही व तो पुन्हा धरत नाही, तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. हे खड्डे कोणत्याही घासण्याने जात नाहीत. फवारणीच्या वेळी घड्याळ घालू नये, याचे कारण याहून गंभीर आहे. औषधाचे तुषार चेनच्या फटींत साचतात आणि दिवसभर मनगटाच्या ओल्या कातडीला लागून राहतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किती घरे उघडी पडली हे आपण पाहिलेले आहे. कपडे बदलून, हात साबणाने धुऊन मगच घड्याळ मनगटावर चढवावे.

चेन परत बसवताना पिनेची दोन्ही टोके डबीच्या भोकांत नीट शिरल्याची खात्री करावी. चेन दोन्ही बाजूंना हलकेच ओढून पाहिली की ते कळते. वापर सुरू झाला की लॉकवर काही आठवड्यांतच पुन्हा बारीक रेघा दिसू लागतील, आणि त्यात काही वावगे नाही. त्या वेळी लॉक तेवढा पुसून घ्यावा, फारच दिसू लागल्या तर घासणीचे दोन-चार हात फक्त त्याच्यावर ओढावेत आणि बाकी चेनला हात लावू नये. सबंध चेन पुन्हा कधी घासायची, याचा निर्णय मी काकाजींवर सोपवला आहे. त्यांच्या घरातले पुढचे लग्न निघेपर्यंत तरी ते मला बोलावतील असे वाटत नाही.